पपांचं पोट आणि खालाचं सांदण

पपा नाताळसाठी म्हणून मस्कतला आले आणि केक कापायच्या आधीच हॉस्पिटलात दाखल झाले. पोटात जंतुसंसर्ग. तो इथला नव्हे, वसईहूनच सोबत आणलेला आहे, असं डॉक्टर म्हणाले आणि माझ्या स्वयंपाकाची अब्रू वाचली. सलाईन झालं, अँटिबायोटिक्स झाली, संसर्ग गेला. पण जाताना पपांची भूकही घेऊन गेला. घरी आणलं तेव्हा शर्टाच्या आत माणूस शोधावा लागत होता. डॉक्टरांनी समजावलं, की या औषधांनी पोटातल्या वाईट जंतूंबरोबर चांगलेही मेले आहेत. आता दही, ताक, मऊ अन्न आणि सबुरी. अंगात ताकद येईपर्यंत विमानात बसायचं नाव काढू नका.

“म्हणजे पोट सुधारलं की मी जाऊ शकतो,” पपा म्हणाले.

“आधी सुधारू तर दे त्याला,” मी म्हणाले.

माझ्या मनात मात्र वेगळंच होतं. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि पपा वसईच्या घरात एकटे राहत होते. घराला लागून मोगऱ्याची नि केळींची लहानशी वाडी, विहीर, आणि बोलायला कोणी नाही. इकडे अल हैलच्या आमच्या फ्लॅटमध्ये मुलाची खोली रिकामी पडली होती, कारण तो शिकायला परदेशी गेला होता. मी ती खोली झाडून, नव्या चादरी घालून ठेवली होती. पपांनी आता इथंच राहावं, असं मी ठरवलं होतं. त्यांना विचारलं नव्हतं. आमच्या घराण्यात ठरवण्याची पद्धत अशीच आहे, आणि हट्टीपणा मला काही शेजाऱ्यांकडून आलेला नाही.

म्हणजे पोट सुधारावं असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. त्यांना जाण्यासाठी, मला त्यांना ठेवून घेण्यासाठी.

सुरुवात दह्यापासून केली आणि तिथंच नाक कापलं गेलं. मी हॉटेलच्या बुकिंग ऑफिसात काम करते. आमच्या ब्रेकफास्टच्या टेबलावर पाच-सहा प्रकारची दही मांडलेली असतात, आणि माझ्या घरात वाटीभर दही लागेना. सुपरमार्केटच्या डब्यातलं दही विरजण म्हणून घातलं, तर सकाळी दूध होतं तसं दूध. दुसऱ्या दिवशी ते तारेसारखं लांबलं. पपांनी चमचा उचलून ती तार बघितली, चमचा परत ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मग मी खाली गेले, खालाकडे. खाला म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरची रत्नागिरीकडची म्हातारी. तिच्या नवऱ्याचं सीबच्या बाजारात जाळ्यांचं नि दोरखंडाचं दुकान आहे. लग्न होऊन ती इथं आली, तिची मुलं इथंच वाढली, आणि बिल्डिंगमधल्या बायका पोटाचं काहीही झालं तर डॉक्टरच्या आधी तिच्याकडे जातात. हे तिला पक्कं माहीत आहे. नम्रपणा तिच्या वाटेला गेलेला नाही. स्वयंपाकघरात तिच्या बरण्या ओळीनं उभ्या: खारातल्या कैऱ्या, लिंबं, मिठाच्या पाण्यात मुरलेल्या मिरच्या, आणि रात्रीच्या भातावर पाणी ओतून झाकलेलं मडकं. आत शिरलं की आंबूस, स्वच्छ असा वास येतो आणि भूक नसली तरी तोंडाला पाणी सुटतं.

नेमकी मगरिबची अजान चालू झाली होती. “आता विरजाण नाय मिळायचा,” खाला म्हणाली. “सकाळी बग.”

मी वाद घातला नाही. माझी आईही दिवेलागणीनंतर कोणाला विरजण देत नसे; शेजारीण दारात रडली असती तरी नाही. एक नमाज पढणारी, एक रोझरी म्हणणारी, पण विरजणाच्या बाबतीत दोघींचा धर्म एकच.

सकाळी खाला स्वतःच वर आली. हातात विरजणाची वाटी, मागं तिच्या नवऱ्यानं धरलेली पिशवी. नवऱ्याला तिनं हॉलमध्ये टीव्हीसमोर बसवलं आणि स्वतः पपांच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसली. मग तिनं पपांना असे प्रश्न विचारले, जे हॉस्पिटलातही कोणी इतक्या मोकळेपणी विचारले नव्हते. किती वेळा, कसं, कुठल्या रंगाचं. पपांनी आयुष्यभर प्रेसमध्ये छपाईच्या मशीनवर काम केलं, जगातले सगळे रंग त्यांनी हातानं मिसळले. पण या रंगाबद्दल बोलताना त्यांचे कान लाल झाले.

“भाऊ, लाजून पोट बरा व्हत नाय,” खाला म्हणाली आणि पिशवीतून एक पेला काढला. आत दुधट पाणी होतं. “ह्या लुबानाचा पाणी. रातभर भिजवलाय. हितले लोक पोटासाठी पितात. एक घोट घ्या.”

पपांनी पेला नाकाशी नेला आणि झटकन लांब केला. “ही तर चर्चमधली धूप,” ते माझ्याकडे बघून म्हणाले. “मयताच्या मिस्साला घालतात ती. मी अजून आहे, बाय.”

मला हसू आवरेना. खालाला सगळं समजावून सांगितलं, तेव्हा तीही हसली. मग तिनं तो पेला स्वतः अर्धा पिऊन दाखवला आणि उरलेला त्यांच्यापुढे धरला. “बगा. रोज पितंय. मेली काय?” आता एका बाईनं अर्धा पिऊन दाखवल्यावर पुरुषानं मागं हटायचं कसं? पपांनी डोळे मिटून तो घेतला. मी नंतर डॉक्टरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, थोडंसं चालेल, पण भरवसा ताकावर ठेवा.

भरवसा मी खालावर ठेवला. तिची पद्धत बघण्यासारखी होती. एका वेळी एकच गोष्ट. पहिल्यांदा फक्त पातळ ताक, जिऱ्याची पूड घातलेलं, फ्रीजला न दाखवलेलं. ते मानवलं तेव्हा पेज. पेज मानवली तेव्हा जेवणानंतर बडीशेप-ओव्याचं कोमट पाणी. मग झातर, म्हणजे इथल्या डोंगरावरची ओव्याच्या वासाची पानं, चहासारखी उकळून. मी घाई करायचे, आज भात देऊ का, मासा देऊ का. ती मला दटावायची, “अगो, बिघडल्याला पोट नव्या नवरीवानी असता. पयल्याच दिवशी सगळा घर तिच्या डोक्यावर देतेस काय?” डॉक्टर जे इंग्रजीत सांगत होते तेच होतं हे, पण असं सांगितल्यावर मला पटलं.

जुलाब थांबले. पोटातली गुरगुर थांबली. भूक मात्र आली नाही. पपा जेवायचे ते शिष्टाचार म्हणून, आल्या पाहुण्यासारखे. चार घास घेऊन “झालं” म्हणायचे. डॉक्टरांकडचा वजनाचा काटा हलत नव्हता. मी रागावायचे, मग रागावल्याबद्दल न्हाणीघरात जाऊन रडायचे. आई असती तर दोन शब्दांत त्यांना जेवायला बसवलं असतं, हे मला कळत होतं आणि त्यांनाही.

तेव्हा खालानं सांदणाचा विषय काढला. तांदूळ वाटून, आंबवून, वाट्यांमध्ये उकडायची पांढरीशुभ्र मऊ सांदणं. तिच्या माहेरी पीठ फुगवायला ताडामाडाची ताजी माडी घालत. इथं माडी कुठली? खाला ओमानच्या दक्षिणेकडच्या सलालाहचा नारळ आणून त्याचं पाणी साखर घालून एक-दोन दिवस आंबवते आणि चिमूटभर यीस्ट टाकते. जानेवारीत मात्र पीठ हटून बसतं. घरातली लादी गार, खिडक्या उघड्या, वारा समुद्राचा. त्यावर अल हैलच्या कोकणी बायकांनी शोधलेला उपाय असा, की पिठाचा टोप गाडीत ठेवायचा. उन्हात उभी असलेली बंद गाडी आतून छान उबदार होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गाड्या पार्क केल्या आहेत. प्रत्यक्षात निम्म्या गाड्यांमध्ये कोणाचं तरी पीठ वर येत असतं.

आम्ही टोप आमच्या गाडीत ठेवला, मागच्या सीटवर, वर ताटली आणि फडकं. शुक्रवार होता. माझा नवरा तेलाच्या कामावर वाळवंटात असतो, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. तो आदल्या दिवशीच आला होता आणि त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. सासऱ्यांसाठी ताजी सुरमई आणू या, म्हणून तो किल्ली घेऊन सीबच्या मासळीबाजाराला निघाला. पहिल्या राउंडअबाउटला ताटली गेली. दुसऱ्याला टोप आडवा झाला. परत आला तेव्हा त्याच्या मानेवर, शर्टाच्या पाठीवर, सीटबेल्टवर पीठ होतं आणि ते अजूनही फुगत होतं.

आम्ही सगळे खाली धावलो. खालाही आली. पपा जिना धरत धरत शेवटी पोचले. त्यांनी गाडीचं दार उघडलं, आत डोकं घातलं आणि लांब श्वास घेतला.

“माडी,” ते म्हणाले. “अस्सल माडीचा वास येतोय, जावईबापू. या देशात पोलिसांनी अडवलं असतं तर काय सांगितलं असतं? सांदण प्यायलोय म्हणून?”

आणि ते हसले. गाडीच्या दाराला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. नवरा बिचारा मान पुसत उभा, खाला “माजा पीठ, माजा पीठ” करतेय, आणि मी एकटी पपांकडे बघत राहिले. इतका आनंद मला खूप दिवसांत झाला नव्हता. त्या दुपारी त्यांनी सुरमईच्या कालवणाशी भात खाल्ला आणि पुन्हा मागितला.

त्यानंतर पिठाच्या राखणीचं काम त्यांनी आपणहून घेतलं. पीठ गाडीत असलं, की पपा पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून, टोपी घालून, गाडीशेजारी बसत. बिल्डिंगचा म्हातारा ओमानी मालक नमाजाला जाता-येता थांबायचा. त्याला हिंदी बऱ्यापैकी यायचं. गाडीत काय आहे असं त्यानं पहिल्या दिवशी संशयानं विचारलं, दुसऱ्या दिवशी स्वतःच दार उघडून वास घेतला, आणि मग झातरची पुडी आणून देऊ लागला. दोन म्हातारे एका बंद गाडीशी गप्पा मारत बसलेत, असं वरून दिसायचं.

पपांच्या नाकाला तोड नाही, हे तेव्हा कळलं. लहानपणी त्यांच्या मामाकडे माडी उतरवत, तो वास त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला. नारळाचं पाणी आंबायला लागलं, पुरेसं आंबलं, आणि आता बिघडणार, हे ते झाकण उघडताच सांगत. खालाचा हात आणि पपांचं नाक एकत्र आलं तशी सांदणं अशी हलकी होऊ लागली, की बिल्डिंगमधल्या बायका वाट्या घेऊन यायला लागल्या. खाला कोणाचं कौतुक करणाऱ्यातली नव्हे. पण एकदा म्हणाली, “भाऊंच्या नाकाला नजर नको लागो.” हे तिच्याकडून म्हणजे पद्मश्रीच.

मग पपांनी एकेक गोष्ट हातात घेतली. दूध किती कोमट असताना विरजायचं, हे करंगळी बुडवून बघायला शिकले. ताक स्वतः घुसळू लागले. ओवा किती भाजायचा, पेजेत मीठ कधी घालायचं, उकडताना वाटीत वाफेचं पाणी ठिबकू नये म्हणून झाकणाला फडकं कसं बांधायचं. खालाच्या स्वयंपाकघराचं दार उघडं, तिचा नवरा हॉलमध्ये बातम्या लावून बसलेला, आणि आत माझा बाप ओट्याशी उभा. ज्या माणसानं आईच्या राज्यात स्वतःचा चहाही गाळला नव्हता, तो आता विरजण मोडू नये म्हणून मला टोप हलवू देत नव्हता. या वयात कोणी असं नव्यानं शिकतं का? मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. ऑफिसात येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगत सुटले होते.

आणि मला वाटलं, रमले. इथं त्यांना काम मिळालं, माणसं मिळाली, जीभ परत आली. मी त्यांच्या खोलीला जाड पडदे शिवून घेतले. आईवडिलांचा व्हिसा कसा काढतात याची ऑफिसात चौकशी केली. एक दिवस खालाला सांगितलं, “पपा आता इथंच राहणार.”

ती वाट्यांना तेल लावत होती. “त्यांना इचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? दिसत नाही का, किती खूश आहेत ते?”

“इन्शाल्ला,” खाला म्हणाली. इथं इतकी वर्षं काढल्यावर मला कळतं, की जे होणार असतं त्याला लोक एका सुरात इन्शाल्ला म्हणतात, आणि जे होणार नसतं त्याला दुसऱ्या. मी त्या सुराकडे कानाडोळा केला.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की वजन भरलंय, पोट उत्तम आहे, आता काळजी नको. त्यानंतरच्या शुक्रवारी पपांनी आम्हाला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. खालालाही बोलावलं नाही. आदल्या दिवशी तांदूळ त्यांनी भिजवले, वाटले, पीठ गाडीत ठेवलं, किल्ली खिशात घातली. दुपारी टेबलावर ताटं मांडली. सांदणं, गूळ घातलेलं नारळाचं दूध, कोंबडीचा रस्सा, घट्ट दही, आणि किटलीत झातर. नवऱ्याला वाढलं, मला वाढलं, मग स्वतः बसले. प्रार्थना म्हटली. आणि आम्ही पहिला घास घेण्याआधीच बोलायला लागले, सरळ, माझ्याकडे बघून.

“तुझी आई गेली तेव्हापासून मी वर्षभर बेकरीचा पाव चहात बुडवून खाल्ला. सकाळी तेच, रात्री तेच. कंटाळा आला की नाक्यावरची भजी. शेजारच्या बायका डबा देऊ का म्हणायच्या, मी नको म्हणायचो. रोज कोणाच्या तरी डब्याची वाट बघणं मला नको होतं. तुला फोनवर सांगायचो, मासे खाल्ले, भाजी खाल्ली. खोटं सांगायचो. पोट माझं कोणी बिघडवलं नाही, बाय. मला स्वतःचं जेवण करता येत नव्हतं, एवढंच.”

मी हातातलं सांदण परत ताटात ठेवलं.

“आता येतं,” पपा म्हणाले. “दही येतं, पेज येते, हे येतं. वाडीत मोगरा सुकत असेल. विहिरीवरचा पंप कोणी चालवला नसेल. माझं तिकीट बघ.”

म्हणजे ते ओट्याशी उभे राहायला शिकत होते ते माझ्या घरात राहण्यासाठी नव्हे. त्यांच्या घरात एकट्यानं जगता यावं म्हणून. मला संताप आला. पडद्यांचा आला, व्हिसाच्या चौकशीचा आला, खालाच्या त्या इन्शाल्लाचा आला. आणि समोर टोपी काढून, केस नीट विंचरून बसलेल्या त्या माणसाबद्दल तितकंच प्रेमही दाटून आलं. पंचाहत्तरीला आलेला माणूस, बायको गेलेली, मरणाच्या दारातून परत आलेला, आणि तो लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन करंगळीनं दूध तपासायला शिकतो. का, तर कोणाच्या गळ्यात पडायला नको म्हणून. 

“खाऊन बघ,” पपा म्हणाले. “अजून काही कमी असेल तर सांग. कमी असेल तर नाही जाणार. आणखी शिकेन.”

त्यांनी निर्णय माझ्या ताटात ठेवला होता. मी सांदण मोडलं. जरासं कडक असावं, एवढीच माझी इच्छा होती. कडक नव्हतं. आंबट असेल, नव्हतं. मीठ कमी असेल, मधे कच्चं राहिलं असेल, खाली वाफेचं पाणी धरलं असेल. मी दुधात बुडवून खाल्लं, रश्श्याशी खाल्लं, नुसतं खाल्लं. डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं आणि नवरा माझ्याकडे बघायचं टाळत होता. पपा मात्र थेट बघत होते, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे.

काहीतरी खोट सापडेल म्हणून मी दुसरं सांदण घेतलं. त्यातही नव्हती.

“छान झालंय, पपा,” मी म्हणाले.